डोक्यातला दाब वाढतो तेव्हा

चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरी या उपनगरातले एक मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. नवरा शेजारच्या तरमणीत संगणकाच्या कंपनीत नोकरीला, बायको चौतीस वर्षांची, दोन मुले शाळेत. गौरी-गणपतीसाठी सातारहून सासूबाई आलेल्या. सण थाटात पार पडतो, गणपतीचे विसर्जन होते आणि आठवड्याभरात सुनेचे डोके दुखू लागते.

प्रथम कोणी फारसे मनावर घेत नाही. "अगं, उपास सोसला नाही तुला. पित्त झालं असेल," असे सासूबाई म्हणतात. नवऱ्याला वाटते चष्म्याचा नंबर बदलला. शेजारीण म्हणते, इथले ऊनच असे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या येतात, तासभर बरे वाटते आणि डोके पुन्हा ठणकू लागते. पहाटे जाग येते ती डोकेदुखीनेच. आडवे पडले की दुखणे वाढते, उठून बसले की थोडे कमी होते. खोकला आला की कवटी फुटेल असे वाटते. एके दिवशी फरशीवर पडलेला चमचा उचलायला ती वाकते आणि सरळ होताना डोळ्यांपुढे करडा पडदा येतो. पाच-सहा सेकंदांत तो सरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

डोकेदुखी कोणाला होत नाही? शंभरातल्या बहुतेक डोकेदुख्या निरुपद्रवी असतात, हे खरेच. पण या बाईची डोकेदुखी त्यांतली नव्हे. तिच्या कवटीच्या आतला दाब वाढला आहे.

हा दाब म्हणजे 'बी.पी.' नव्हे

डोक्यातला दाब म्हटले की पुष्कळांना रक्तदाब आठवतो. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो दाब वेगळा आणि हा वेगळा. रक्तदाब अगदी १२०-८० असतानाही कवटीच्या आतला दाब भलताच वाढलेला असू शकतो.

मोठ्या माणसाची कवटी ही हाडांची बंद पेटी आहे. तिच्यात तीनच गोष्टी असतात : सुमारे चौदाशे ग्रॅम वजनाचा मेंदू, थोडे रक्त आणि मेंदूभोवती खेळणारे स्वच्छ पाणी. या पाण्याला मेंदूजल म्हणतात. कोणत्याही क्षणी ते सुमारे १५० मिलिलिटर असते. पण शरीर दिवसभरात जवळजवळ अर्धा लिटर नवे मेंदूजल तयार करते आणि तितकेच जुने रक्तात परत जाते. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा हे पाणी बदलते.

पेटी ताणली जात नाही. त्यामुळे या तिघांपैकी एकाने जागा जास्त घेतली की दुसऱ्यांना सरकावे लागते आणि सरकायला जागा उरली नाही की दाब वाढतो. स्कॉटलंडमधील मन्रो आणि केली या दोन वैद्यांनी अनुक्रमे १७८३ आणि १८२४ मध्ये हा विचार मांडला. तो आजही मेंदूच्या शल्यचिकित्सेचा पाया आहे. तान्ह्या मुलात मात्र कवटीची हाडे जुळलेली नसतात. त्यामुळे दाब वाढला की टाळू फुगते, डोके भराभर मोठे होते. न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हाताला हे पुष्कळदा आधी कळते.

घरातल्या मोरीचे उदाहरण घ्यावे. नळ चालू आहे, पाणी वाहून जाते आहे, तोवर काही बिघडत नाही. पाणी तुंबले तर कारण काय? नळ जास्त सुटला असेल, मधल्या नळीत काही अडकले असेल, किंवा बाहेरचे गटारच भरले असेल. शिवाय मोरीत कोणी मोठा हंडा आणून ठेवला तरी पाणी वर चढतेच. कवटीत गाठ, रक्तस्राव किंवा गळू म्हणजे हा हंडा. क्षयरोगाने मेंदूच्या आवरणाला सूज येऊन मेंदूजलाची वाट बंद होणे म्हणजे मधली नळी तुंबणे. आणि ज्या मोठ्या शिरांत हे पाणी अखेर जाऊन मिळते, त्या शिराच बंद होणे म्हणजे बाहेरचे गटार भरणे. मोरी तुंबली हे सर्वांनाच दिसते. ती का तुंबली हे शोधणाराच खरा कारागीर.

डोळा ही खिडकी

कवटी उघडल्याशिवाय आतला दाब ओळखावा कसा? निसर्गाने त्यासाठी एक खिडकी ठेवली आहे. डोळ्याची नस मेंदूतून येते आणि तिच्याभोवती मेंदूजलाचे तेच वेष्टण असते. आत दाब वाढला की या नसेचे डोळ्यातले टोक सुजते. हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले, तेव्हापासून डॉक्टरांना ही सूज जिवंत माणसात पाहता येऊ लागली. तिला पॅपिलिडिमा म्हणतात.

या तपासणीला कापाकापी लागत नाही. डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी केली जाते आणि डॉक्टर आत पाहतात. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे. सुरुवातीला नजर सहासहा-नऊ अशी उत्तम असूनही नस सुजलेली असू शकते. आधी कडेचे दिसणे कमी होते. दाराची चौकट खांद्याला लागू लागते, बाजूने येणारी स्कूटर दिसत नाही. समोरची अक्षरे शेवटी पुसट होतात आणि तोवर नसेचे तंतू मेलेले असतात. ते पुन्हा जिवंत होत नाहीत. डोकेदुखी थांबली तरी गेलेली दृष्टी परत येत नाही. या आजारात घाई करायची ती यासाठी.

आणखी तीन खुणा सांगण्याजोग्या आहेत. कानात नाडीच्या ठोक्याबरोबर 'घूं घूं' असा आवाज येणे, दूरची वस्तू दोन-दोन दिसणे आणि सकाळी उठल्यावर उलटी होणे. या खुणा डोकेदुखीच्या जोडीला असतील तर वेदनाशामक गोळ्यांचा खेळ बंद करावा.

'सी. टी. नॉर्मल' म्हणजे सुटलो का?

वेलचेरीच्या त्या घरात अखेर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे होते. नस सुजलेली दिसते. ते लगेच मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. त्याआधी रक्तदाबही मोजला जातो, कारण तो फारच वाढला तर त्यानेही नस सुजते. मग सी. टी. स्कॅन होतो. अहवाल येतो : नॉर्मल. गाठ नाही, रक्तस्राव नाही. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहते.

इथेच पुष्कळ कुटुंबे फसतात. साध्या सी. टी. स्कॅनमध्ये मोठी गाठ दिसते, ताजा रक्तस्राव दिसतो, पाणी साचून फुगलेले मेंदूतले कप्पे दिसतात. पण मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरा बंद झाल्या आहेत का, हे त्यात अनेकदा कळत नाही. त्यासाठी शिरांचे वेगळे चित्र घ्यावे लागते. त्याला व्हेनोग्राम म्हणतात, तो एम. आर. आय. किंवा सी. टी. यंत्रावर काढता येतो.

पुढची तपासणी पाठीतले पाणी काढण्याची. तिची धास्ती घराघरांत आहे. 'पाठीत सुई मारली की माणूस लुळा पडतो' असे अजूनही ऐकू येते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली घातली जाते. त्यामुळे त्या भीतीला आधार नाही. क्विंके या जर्मन वैद्याने १८९१ मध्ये ही रीत रूढ केली. कुशीवर झोपवून सुईला काचेची उभी नळी जोडतात आणि पाणी तीत किती सेंटिमीटर चढते ते पाहतात. मोठ्या माणसात ते २५ सेंटिमीटरच्या वर गेले तर दाब वाढलेला समजतात. मात्र स्कॅन आधी, सुई नंतर, हा क्रम डॉक्टर कटाक्षाने पाळतात. आत मोठी गाठ असताना खालून पाणी काढले तर मेंदू खाली सरकून प्राणावर बेतू शकते.

मद्रासने पाहिलेला काळ

आज वेलचेरीच्या रहिवाशाला ही सारी यंत्रे तासाभराच्या अंतरात मिळतात. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात मेंदूच्या शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभागच नव्हता. डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला पहिला विभाग उघडला. पाठोपाठ १९५० मध्ये डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात काम सुरू केले. पुढे वेलचेरीला लागूनच असलेल्या तरमणीतील व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेसच्या रुग्णालयातही त्यांनी मेंदू-शल्यचिकित्सेचे केंद्र उभारले. डॉ. के. एस. संजीवी यांनी सामान्य माणसाला परवडावे म्हणून १९५८ मध्ये स्थापन केलेली ही संस्था.

त्या पिढीतल्या डॉक्टरांकडे सी. टी. स्कॅन नव्हता, माणसावरचा पहिला स्कॅन लंडनमध्ये १९७१ मध्ये झाला. क्ष-किरणाचे साधे चित्र, कवटीला भोक पाडून मेंदूच्या कप्प्यांत हवा सोडून काढलेले चित्र, आणि मुख्य म्हणजे रोग्याशी बोलणे, एवढ्यावर निदान होई. त्यातले हवेचे चित्र अडगळीत गेले. रोग्याशी बोलणे मात्र आजही तितकेच मोलाचे आहे. कारण डोक्यातला दाब वाढवणाऱ्या कित्येक गोष्टी कोणत्याही यंत्रावर उमटत नाहीत.

जे औषध वाटत नाही ते औषध

"काही औषध चालू आहे का?" या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेले उत्तर असते : "नाही." रोज घेतो ते औषध, बाकीचे कशाला सांगायचे! पण नेमके त्या 'बाकीच्या'त कारण दडलेले असते.

मुरमांवर दिल्या जाणाऱ्या डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन या गोळ्यांनी काही जणांच्या डोक्यातला दाब वाढतो. मुरमांवरच्याच आयसोट्रेटिनॉइनचेही तसेच. अ जीवनसत्त्व अति झाले तर मोठ्यांचा दाब वाढतो आणि तान्ह्याची टाळू फुगते. म्हणून 'ताकदीचे औषध' मनाने पाजू नये. दम्यासाठी किंवा त्वचेसाठी बरेच दिवस घेतलेले स्टिरॉइड एकदम बंद केले तरी हा प्रकार होऊ शकतो. कॉलेजच्या मुलीला आईसमोर मुरमांच्या गोळ्यांचे सांगायला लाज वाटते, आणि डॉक्टरांच्या कागदावर 'औषध नाही' असे लिहिले जाते.

औषधांखेरीज इतरही प्रश्न असतात. अंगात रक्त किती आहे? लोहाच्या कमतरतेने झालेला पंडुरोग आपल्याकडील स्त्रियांत घरोघरी आहे आणि त्यानेही डोळ्याची नस सुजू शकते. रात्री घोरणे, मध्येच श्वास अडकणे असे होते का? जुना कान वाहतो का? कानामागचा संसर्ग आत शिरून तिथली मोठी शीर बंद करू शकतो. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, घरात कोणाला क्षय, हेही सांगायला हवे. फिट आली होती का? पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत पुटकुळ्या होतात आणि त्याला मांसाहारच कारण असतो असे नाही. नीट न धुतलेली कच्ची भाजी, अस्वच्छ पाणी यांतूनही ही अंडी जातात. शुद्ध शाकाहारी घरांतही हा विकार आढळतो.

आणि बाळंतीण. बाळंतपणानंतरचे काही आठवडे स्त्रीचे रक्त निसर्गतःच लवकर गोठते. अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून ही योजना असते. अशा वेळी 'पोट सुटेल', 'बाळाला सर्दी होईल' म्हणून तिला पाणी तोडून तोडून दिले जाते. पाणी कमी, रक्त दाट, खोली बंद. मेंदूच्या शिरांत गुठळी होण्यास ही परिस्थिती अनुकूल असते. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेत अशा बाळंतिणींवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. बाळंतिणीची न थांबणारी डोकेदुखी 'वारा लागला' म्हणून सोडून देऊ नये आणि तिला तहानेपुरते पाणी कधीही नाकारू नये.

सासूबाईंना आठवले

वेलचेरीच्या त्या घराकडे परत येऊ. व्हेनोग्राम होतो. कवटीच्या मध्यरेषेखालून कपाळाकडून मागे जाणारी मोठी शीर गुठळीने बंद झालेली दिसते. मेंदूजल जिथे परत जाते तेच दार बंद. पण निरोगी वाटणाऱ्या बाईला गुठळी झाली कशी?

डॉक्टर तमिळ आणि इंग्रजी बोलतात. बाई मराठी आणि जेमतेम हिंदी. प्रश्न नवऱ्याला विचारले जातात, उत्तरेही तोच देतो. "औषध?" "काही नाही." "कुटुंबनियोजनाच्या गोळ्या?" "नाही." दोन्ही उत्तरे त्याच्या परीने खरी. बाजूला बसलेल्या सासूबाई मात्र अस्वस्थ होतात. शेवटी मुलाला म्हणतात, "अरे, त्या गोळ्यांचं सांगितलंस का? गणपतीतल्या?"

मुलाला त्याचा पत्ताच नसतो. गौरींच्या वेळी पाळी येऊ नये म्हणून सुनेने बारा-तेरा दिवस पाळी लांबवण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. दुकानातून सरळ आणलेल्या. त्यात हरितालिकेचा निर्जळी उपास, चेन्नईचा दमट उकाडा, घरभर पाहुणे आणि मुळात अंगात रक्त कमी.

या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. त्याचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो आणि इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. या गोळ्यांनंतर मेंदूच्या शिरेत गुठळी झालेल्या रुग्ण स्त्रियांची नोंद भारतीय डॉक्टरांनी केली आहे. अनेक जणी त्या घेतात आणि बहुतेकींना काही होत नाही. पण ज्या स्त्रीच्या रक्तात गोठण्याचा जन्मजात दोष लपलेला असतो, जिला पंडुरोग असतो, जी दिवसभर पाणी घेत नाही, तिच्या बाबतीत एवढे निमित्त पुरते.

सासूबाईंचा चेहरा उतरतो. गोळ्या आणायला त्यांनीच सुचवले होते. पण त्यांनी आठवण केली नसती तर पुढच्या गौरींना तीच गोळी पुन्हा आली असती, हेही तितकेच खरे. डॉक्टर दोष कोणाला देत नाहीत. रक्त पातळ करणारी हेपॅरिनची इंजेक्शने सुरू होतात, पुढे काही महिने गोळ्या. दाब उतरेपर्यंत डोळ्यांची आणि कडेच्या नजरेची वारंवार तपासणी होते. वेळेत उपचार झालेले बहुसंख्य रुग्ण यातून नीट बाहेर पडतात. ही बाईही बाहेर पडेल. फक्त तिच्या कागदावर आता ठळक लिहिलेले असेल की इस्ट्रोजेन आणि तत्सम संप्रेरकांच्या गोळ्या देऊ नयेत. कारण सापडल्याचा हा लाभ. दाब कमी करण्याचे औषध नुसते देऊन तो मिळाला नसता.

कारण सापडलेच नाही तर?

सगळे तपासूनही कारण हाती लागत नाही, असेही रुग्ण असतात. अमेरिकेतील शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये असे २२ रुग्ण नोंदवले : दाब वाढलेला, गाठ मात्र कुठेच नाही. १९५५ पासून या विकाराच्या नावाला 'सौम्य' असे विशेषण लागले. पण यात दृष्टी जाते हे दिसल्यावर ते विशेषण गळले. आज त्याला 'अज्ञात कारणाने वाढलेला दाब' अशा अर्थाचे नाव आहे. तो बहुधा तरुण, वजन वाढलेल्या स्त्रियांना होतो. वजन नेटाने कमी करणे हा त्यावरचा मुख्य उपाय. जोडीला अ‍ॅसिटाझोलामाइड हे मेंदूजल कमी तयार करवणारे औषध देतात. नजर धोक्यात असेल तर शस्त्रक्रिया करून पाण्याला वाट करून देतात.

मात्र 'अज्ञात' हे लेबल सर्वांत शेवटी लावायचे असते. शिरांचे चित्र पाहिल्यावर, पाठीतले पाणी तपासल्यावर, रक्त पाहिल्यावर आणि सगळे प्रश्न विचारून झाल्यावर. रुग्ण सडपातळ असेल, पुरुष असेल किंवा लहान मूल असेल तर कारणाचा शोध अधिकच कसून घ्यावा लागतो.

घरच्यांनी एवढे करावे

● पहाटे जागी करणारी, आडवे पडल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी नवी डोकेदुखी आठवड्याहून अधिक टिकली, तर बाहुली मोठी करून डोळ्यांची आतून तपासणी करून घ्यावी.

● क्षणभर अंधारी येणे, दोन-दोन दिसणे, झोपाळूपणा, फिट किंवा वारंवार उलटी असेल तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

● गेल्या तीन महिन्यांत पोटात गेलेली प्रत्येक गोळी, काढा, टॉनिक कागदावर लिहून न्यावे. पाकिटे सापडली तर तीच न्यावीत.

● पाळी लांबवण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पूर्वी गुठळी झालेली असेल, अर्धशिशी असेल किंवा बाळंत होऊन थोडेच दिवस झाले असतील तर आधी सांगावे.

● परमुलखात असाल तर रुग्णाची भाषा कळणारी एखादी स्त्री सोबत न्यावी आणि डॉक्टरांना दोन मिनिटे रुग्णाशी एकटीशी बोलू द्यावे.

यंत्रे शिरेतली गुठळी दाखवतील, सुई दाबाचा आकडा सांगेल. पण गणपतीत कोणती गोळी घेतली होती, हे घरातल्या माणसालाच सांगावे लागते.